तारीख आणि वार: पायथन शिकणाऱ्या सीमाभागातील नवख्यांसाठी मार्गदर्शक

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत मराठी माध्यमातून शिकून पुढे संगणकाकडे वळलेले विद्यार्थी प्रोग्रॅमिंगचे पहिले काम बहुधा घराजवळच मिळवतात. ते एखाद्या पतसंस्थेचे हप्ते असतात, दूध डेअरीची नोंदवही असते किंवा शिकवणीवर्गाची हजेरी असते. या प्रत्येक कामात तारीख आणि वार असतातच, आणि दिनदर्शिका तर रोजच पाहतो म्हणून हा भाग सोपा असेल असे गृहीत धरून आपण तो शेवटी उरकतो. मीही तसेच केले होते. तालुक्यातील एका लहान पतसंस्थेसाठी मी आठवड्याच्या हप्त्यांचे कोष्टक काढणारा प्रोग्रॅम लिहिला. त्या गावचा बाजार मंगळवारी भरतो आणि हप्ताही बाजारच्या दिवशीच गोळा होतो, कारण त्या दिवशी वाडी-वस्तीवरची माणसे गावात आलेली असतात आणि हातात विक्रीचे पैसे असतात. पहिल्या छपाईत सगळ्या पावत्यांवर बुधवारची तारीख आली. मंगळवार म्हणजे दोन असे मी धरले होते. पायथनच्या मोजणीत दोन म्हणजे बुधवार. दोन गठ्ठे वाटून झाल्यावर हे एका सभासद बाईंच्या लक्षात आले, संगणकाच्या नाही, आणि वाटलेल्या पावत्या घरोघर जाऊन परत घ्याव्या लागल्या. तसा प्रसंग तुमच्यावर येऊ नये म्हणून पुढील टप्पे क्रमाने लिहिले आहेत.

लागणारे साहित्य

- पायथन ३.९ किंवा त्यानंतरची आवृत्ती. ती विनामूल्य मिळते आणि जुन्या लॅपटॉपवरही चालते.
- पायथनबरोबरच येणारी तीन मॉड्यूल्स, म्हणजे तयार आज्ञांचे संच: डेटटाइम, कॅलेंडर आणि झोनइन्फो. विंडोज वापरत असाल तर टीझेडडेटा हे पॅकेज वेगळे बसवावे लागते, कारण तेथे झोनइन्फोला वेळपट्ट्यांची माहिती आपोआप मिळत नाही.
- चालू वर्षाची छापील दिनदर्शिका आणि, जुन्या नोंदी असतील तर, त्या वर्षांचीही.
- ज्या संस्थेसाठी काम करायचे तिची मूळ नोंदवही, किमान चार-पाच पाने तरी प्रत्यक्ष पाहिलेली.

या लेखात आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. पायथनचे स्वतःचे शब्द आणि आज्ञेतील अंक मात्र यंत्रावर रोमन लिपीतच टंकावे लागतात. चलाचे, म्हणजे व्हेरिएबलचे, नाव देवनागरीत ठेवले तर पायथन ३ ते बिनतक्रार स्वीकारतो. सोय मोठी आहे, परंतु पुढे दुसऱ्या कोणाला तो प्रोग्रॅम सांभाळायचा असेल तर त्याला विचारून ठरवा.

१. तारीख मजकूर म्हणून साठवू नका

तारीख "१/११/२०१४" अशी अवतरणचिन्हांत ठेवली तर संगणकाच्या दृष्टीने ती केवळ अक्षरांची ओळ असते. तिच्यात सात दिवस मिळवता येत नाहीत, तिचा वार विचारता येत नाही, आणि क्रमवारी लावली तर २ जानेवारी ही १० जानेवारीच्या नंतर येते. म्हणून प्रथम तिची खरी तारीख बनवावी:

ता = डेट(२०१४, ११, १)

क्रम वर्ष, महिना, दिवस असा आहे, आपल्या सवयीच्या नेमका उलट. दुसरी अडचण नवख्यांना पहिल्याच दिवशी येते: ऑगस्टसाठी ०८ किंवा नऊ तारखेसाठी ०९ असे शून्य लावून टंकले की पायथन चूक दाखवतो, कारण आज्ञेत लिहिलेल्या संख्येच्या आरंभी शून्य चालत नाही. नुसते ८ आणि ९ लिहावे.

आत काय घडते हे एकदा समजून घेतले की पुढचे बरेच गोंधळ टळतात. पायथन इसवी सन १ मधील १ जानेवारीला पहिला दिवस मानतो, तो दिवस त्याच्या गणिताने सोमवार ठरतो, आणि तेथून प्रत्येक तारीख कितवा दिवस आहे ते मोजतो. वार काढणे म्हणजे त्या संख्येला सातने भागून बाकी पाहणे.

हे हातानेही पडताळता येते. बेळगावचे काँग्रेस अधिवेशन महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली २६ डिसेंबर १९२४ रोजी भरले. तो शुक्रवार होता. तेथून २६ डिसेंबर २०२४ पर्यंत शंभर वर्षे, म्हणजे ३६,५०० दिवस, अधिक मध्ये आलेले २५ लीप दिवस, मिळून ३६,५२५. सातने भागल्यावर बाकी सहा उरते. शुक्रवारपासून सहा वार पुढे मोजले की गुरुवार येतो, आणि शताब्दीचा तो दिवस गुरुवारच होता. हे गणित एकदा वहीत करून पाहावे, अशी माझी कळकळीची सूचना आहे.

२. वाराचा क्रमांक कोठून सुरू होतो ते आधी ठरवा

माझी चूक येथेच झाली होती. पायथनमध्ये वार विचारण्याच्या दोन आज्ञा आहेत. वीकडे ही आज्ञा सोमवारला शून्य आणि रविवारला सहा मानते. आयसोवीकडे ही सोमवारला एक आणि रविवारला सात मानते. इतर साधने याहून वेगळी वागतात: जावास्क्रिप्टमध्ये रविवार शून्य असतो, तर एक्सेलच्या वीकडे सूत्रात, वेगळे काही सांगितले नाही तर, रविवार एक असतो. डेअरीचा हिशेब एक्सेलमध्ये आणि छपाई पायथनमध्ये अशी व्यवस्था आपल्याकडे सर्रास असते, त्यामुळे एकीकडचा क्रमांक दुसरीकडे जसाच्या तसा नेणे धोक्याचे आहे.

यावर माझा उपाय असा, की प्रोग्रॅमच्या आरंभीच वारांची यादी लिहावी आणि पुढे सर्वत्र तीच वापरावी:

वार = ["सोमवार", "मंगळवार", "बुधवार", "गुरुवार", "शुक्रवार", "शनिवार", "रविवार"]

यानंतर वार[ता.वीकडे()] असे विचारले की १ नोव्हेंबर २०१४ साठी "शनिवार" मिळते. आज्ञेत सुटा १ किंवा २ लिहिण्याऐवजी "बाजारवार" असे एक चल ठेवून त्यात वार.इंडेक्स("मंगळवार") ही किंमत भरावी. वाचणाऱ्याला अर्थ कळतो आणि एकाचा फरक पडण्याची शक्यता उरत नाही.

स्ट्रफटाइम या आज्ञेने वाराचे नाव मागितले तर ते सहसा इंग्रजीत येते. मराठी भाषेची मांडणी यंत्रावर बसवून ते बदलता येते हे खरे, परंतु ती मांडणी प्रत्येक यंत्रावर असतेच असे नाही. तुमच्या लॅपटॉपवर चाललेली छपाई संस्थेच्या संगणकावर अडते. वरची यादी कोठेही चालते.

३. बाहेरून आलेली तारीख उंबरठ्यावरच तपासा

सर्वाधिक वेळ या टप्प्यावर द्यावा. नोंदवहीतून, अर्जातून किंवा दुसऱ्या फाइलमधून आलेली तारीख प्रोग्रॅममध्ये शिरतानाच डेट स्वरूपात बदलावी. आत मजकुराच्या रूपात तिला फिरू देऊ नये. मजकुराची तारीख करण्यासाठी स्ट्रपटाइम ही आज्ञा आहे. तिला तारखेची घडण सांगावी लागते: लहान डी म्हणजे दिवस, लहान एम म्हणजे महिना, मोठा वाय म्हणजे चार अंकी वर्ष, आणि प्रत्येकाआधी टक्क्याचे चिन्ह. मोठा एम म्हणजे मिनिटे. लहान-मोठ्याचा हा घोटाळा फार जणांचा होतो.

यातील चार सापळे मी स्वतः अनुभवले आहेत.

पहिला सापळा दिवस-महिन्याच्या अदलाबदलीचा. ०३/०४/२०२५ ही आपल्यासाठी ३ एप्रिल आहे, पण अमेरिकी मांडणी असलेल्या संगणकावरील एक्सेल तिला ४ मार्च समजते. वाईट गोष्ट अशी की १३ तारखेपासून पुढे महिना तेरावा होऊ शकत नसल्याने त्या तारखा मजकूर म्हणून तशाच राहतात, आणि एकाच स्तंभात निम्म्या तारखा उलटलेल्या, निम्म्या अस्पर्श अशी स्थिती होते. वरवर पाहता काहीच चुकलेले दिसत नाही. म्हणून फाइल हाती आली की स्तंभातील काही नोंदी मूळ वहीशी ताडून पाहाव्यात, आणि त्यांत बारा तारखेच्या आतल्या नोंदी आवर्जून घ्याव्यात.

दुसरा सापळा दोन अंकी वर्षाचा. वहीत जन्मवर्ष "५६" लिहिलेले असते आणि लहान वाय वापरून ते वाचले तर पायथन २०५६ धरतो, कारण त्याचा नियम ०० ते ६८ म्हणजे २००० ते २०६८ आणि ६९ ते ९९ म्हणजे १९६९ ते १९९९ असा आहे. ज्येष्ठ सभासदांची यादी करताना नेमकी याच वयोगटातील माणसे गळतात. वर्ष चार अंकी करून घ्यावे, आणि जन्मतारीख आजच्या पुढची निघाली तर प्रोग्रॅमने थांबावे.

तिसरा सापळा लिपीचा, आणि तो आपल्या भागात विशेष जाणवतो. एकाच संस्थेच्या कागदांत देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी असे तिन्ही अंक सापडतात. सुटी संख्या असेल तर पायथनची इंट ही आज्ञा "१५" चे पंधरा करते, कन्नड अंकांचेही करते. परंतु स्ट्रपटाइमला "१५/०८/१९४७" देवनागरी अंकांत दिले तर ती चूक दाखवते. अशा वेळी मजकूर तिरप्या रेघेवर तोडावा, तिन्ही तुकडे इंटमधून काढावेत आणि डेटला वर्ष, महिना, दिवस या क्रमाने द्यावेत. तीन ओळींचे काम आहे, पण हे ठाऊक नसल्याने मी दोन वर्षांच्या नोंदी हाताने पुन्हा टंकल्या होत्या.

चौथा सापळा वारांच्या नावांचा. जुन्या वह्यांत गुरुवारला बेस्तवार, रविवारला आइतवार, आणि कन्नड लिहिणाऱ्याच्या हातून भानुवार अशी नावे येतात. एक लहान शब्दसूची करून ही सगळी नावे आपल्या यादीतील एकेका वाराशी जोडून टाकावीत. वहीत तारीख आणि वार दोन्ही असतील तर तो मोठा आधार आहे: तारखेवरून काढलेला वार वहीतील वाराशी जुळला नाही तर ती नोंद बाजूला काढून माणसाने पाहावी. चुकलेल्या तारखा मला आजवर सर्वात जास्त याच पडताळणीने सापडल्या आहेत.

येथेच एक गोष्ट सांगावीशी वाटते. जुन्या सभासदांच्या यादीत १ जून ही जन्मतारीख इतक्यांदा दिसेल की प्रोग्रॅम बिघडला असे वाटेल. तो बिघडलेला नसतो. शाळेत नाव घालताना खरी तारीख ठाऊक नसलेल्या मुलांची ती तारीख मास्तरांनी लिहिली, आणि कागदोपत्री आता तीच खरी आहे. तिला हात लावू नये.

४. दिवस मिळवणे आणि मोजणे

दिवस मिळवण्यासाठी टाइमडेल्टा वापरावा. तारखेत टाइमडेल्टा(डेज=७) मिळवला की पुढच्या आठवड्याचा तोच वार मिळतो; महिना किंवा वर्ष ओलांडण्याची काळजी पायथन घेतो. दोन तारखांची वजाबाकी केल्यास मधले दिवस मिळतात. १७ जानेवारी १९५६, म्हणजे आपण ज्या दिवशी हुतात्मा दिन पाळतो तो दिवस, आणि १ नोव्हेंबर १९५६, राज्य पुनर्रचनेचा दिवस, यांच्यात २८९ दिवसांचे अंतर आहे. हाताने मोजणारा बहुधा २८८ सांगतो, कारण १९५६ हे लीप वर्ष होते हे त्याच्या लक्षात राहत नाही.

वजाबाकीत दोन्ही टोके धरली जात नाहीत. गावची यात्रा शनिवारपासून सोमवारपर्यंत असेल तर वजाबाकी दोन देते, पण यात्रा तीन दिवसांची असते. ठेवीवरील व्याजात पहिला दिवस धरायचा की शेवटचा, हे संस्थेच्या नियमात लिहिलेले असते. तो नियम विचारून घ्यावा, अंदाजाने ठरवू नये.

दिलेल्या तारखेनंतरचा पहिला बाजारवार काढायचा असेल तर बाजारवाराच्या क्रमांकातून तारखेच्या वीकडेचा क्रमांक वजा करावा, सातने भागून बाकी घ्यावी आणि तेवढे दिवस मिळवावेत. बाकी शून्य आली तर आजच बाजार आहे. तेव्हा आजचीच तारीख द्यायची की पुढच्या आठवड्याची, हे आधी ठरवलेले असावे.

५. महिने मिळवताना मूळ तारीख सोडू नका

टाइमडेल्टामध्ये महिना नाही, कारण महिन्याची लांबी ठरलेली नसते. ३१ जानेवारीचे कर्ज असेल तर फेब्रुवारीतील हप्ता कोणत्या दिवशी? रूढ उत्तर असे की त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. कॅलेंडर मॉड्यूलमधील मंथरेंज ही आज्ञा दोन संख्या देते: पहिली महिन्याच्या पहिल्या दिवसाच्या वाराचा क्रमांक, दुसरी महिन्यातील दिवसांची संख्या. आपल्याला दुसरी हवी असते. मूळ दिवस आणि ही संख्या यांतील लहान असेल तो दिवस घ्यावा.

मात्र प्रत्येक हप्ता मागच्या हप्त्यावरून काढू नये. तसे केले तर ३१ जानेवारीवरून २८ फेब्रुवारी, त्यावरून २८ मार्च, आणि मग वर्षभर २८ तारीखच चिकटून राहते. दर वेळी मूळ तारखेपासूनच एक, दोन, तीन असे महिने पुढे मोजावेत. २९ फेब्रुवारीला जन्मलेल्या सभासदाचेही असेच आहे: रिप्लेस वापरून २०२४ च्या जागी २०२५ घातले की प्रोग्रॅम चूक दाखवून बंद पडतो, म्हणून ती शक्यता वेगळी हाताळावी.

६. दुसरा शनिवार, चौथा शनिवार आणि दोन राज्यांच्या सुट्ट्या

१ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. महिन्यातील कितवा शनिवार हे काढण्यासाठी दिवसातून एक वजा करावा, सातने भागून पूर्ण भागाकार घ्यावा आणि त्यात एक मिळवावा. म्हणजेच ८ ते १४ मधील शनिवार दुसरा, २२ ते २८ मधील चौथा. चौथा आणि शेवटचा हे एकच समजणे ही नेहमीची चूक आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये १, ८, १५, २२, २९ असे पाच शनिवार होते. बँका ८ आणि २२ ला बंद होत्या, २९ ला नाही.

सुट्ट्यांची यादी प्रोग्रॅमच्या आज्ञांत न मिसळता वेगळ्या फाइलमध्ये ठेवावी आणि दरवर्षी बदलावी. निपाणीच्या व्यापाऱ्याचे एक खाते गावात आणि दुसरे कोल्हापुरात असते. १ नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सवाची सुट्टी, महाराष्ट्रात नाही. १९ फेब्रुवारीला महाराष्ट्रात शिवजयंतीची सुट्टी, इकडे नाही. तेव्हा फाइल दोन ठेवाव्यात.

७. "आज" कोणता, हे सर्व्हरला विचारू नका

डेअरीत दूध पहाटे पाचला येऊ लागते. प्रोग्रॅम इंटरनेटवरील सर्व्हरवर असेल तर तेथील घड्याळ बहुधा जागतिक वेळेवर चालते, आणि आपली वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहे. आपल्याकडे पहाटेचे पाच वाजतात तेव्हा तेथे आदल्या रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. परिणामी साडेपाचच्या आधी आलेले सगळे दूध कालच्या तारखेला जमा होते आणि नंतरचे आजच्या. रांगेत पुढे उभ्या असलेल्या शेतकऱ्याचे बिल एका दिवसाने सरकते, मागच्याचे नाही, आणि कारण कोणालाच कळत नाही.

उपाय सोपा आहे. झोनइन्फोला "एशिया/कोलकाता" हे नाव देऊन ती वेळपट्टी डेटटाइमच्या नाऊ या आज्ञेला द्यावी, आणि त्यातून डेट काढून घ्यावी. डेट आणि डेटटाइम हे दोन वेगळे प्रकार आहेत. एकातून दुसरा वजा करायला गेल्यास पायथन नकार देतो. वेळेची गरज नसेल तेथे सर्वत्र डेटच वापरावी.

८. तिथी आणि जुन्या काळच्या तारखा

बेळगावात शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला होते आणि तिला जोडून चित्ररथांची मिरवणूक निघते. ती तिथी इंग्रजी तारखेप्रमाणे दरवर्षी बदलते, आणि डेटटाइम मॉड्यूलला तिथीचे ज्ञान नाही. तिथी चंद्र आणि सूर्य यांच्या स्थितीवर ठरते. पंचांगातून पाहून ती तारीख सुट्ट्यांच्या फाइलमध्ये हाताने भरणे हाच नवख्यासाठी योग्य मार्ग आहे.

इतिहासाच्या तारखांत आणखी जपावे लागते. शिवाजी महाराजांची जन्मतारीख १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या ज्युलियन कालगणनेतील आहे. पायथन मात्र सगळ्या काळाला आजचीच ग्रेगोरियन गणना लावतो, त्यामुळे ही तारीख तशीच दिली तर तो मंगळवार सांगतो. जेधे शकावली या जुन्या घटनांच्या नोंदीत मात्र जन्माच्या तिथीला, फाल्गुन वद्य तृतीयेला, शुक्रवार दिलेला आहे. त्या शतकात दोन गणनांत दहा दिवसांचा फरक होता; १९ फेब्रुवारीत दहा दिवस मिळवून १ मार्च १६३० दिली की पायथनही शुक्रवारच सांगतो. इंग्रजांनी आपली गणना सप्टेंबर १७५२ मध्ये बदलली, म्हणून त्याआधीची तारीख आली तर ती कोणत्या गणनेतील आहे हे पाहिल्याशिवाय वार छापू नये.

९. छपाईपूर्वी या तारखा चालवून पाहा

प्रोग्रॅम संस्थेच्या हाती देण्याआधी उत्तर आधीच ठाऊक असलेल्या तारखा त्यातून काढून पाहाव्यात. मी पुढील तारखा वापरतो:

- १५ ऑगस्ट १९४७: शुक्रवार
- २६ जानेवारी १९५०: गुरुवार
- १७ जानेवारी १९५६: मंगळवार
- १ नोव्हेंबर १९५६: गुरुवार
- २९ फेब्रुवारी २०२४: गुरुवार
- २८ फेब्रुवारी २१०० नंतरचा दिवस: १ मार्च, सोमवार. शंभराने भाग जाणारे वर्ष चारशेने भाग गेल्याशिवाय लीप नसते.

यानंतर पहिल्या दहा पावत्या कागदावर छापून भिंतीवरच्या दिनदर्शिकेशी बोट ठेवून ताडाव्यात, आणि त्यांतील एक तरी पावती अशा माणसाला दाखवावी जो दर आठवड्याला त्या बाजाराला जातो.